अंबाजोगाईच्या पोरांचे विद्यापीठ कुठे आहे?

'सर्वांगीण शिक्षण' हा शब्द सध्या प्रत्येक महाविद्यालयाच्या माहितीपुस्तकात छापलेला असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तो आणला, असे आपल्या पोरांना सांगितले जाते. अंबाजोगाईत बसून हे ऐकताना आम्हाला मागचा हिशेब आठवतो.

अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद होती. निजामाच्या राज्यात पदवी घ्यायची म्हणजे हैदराबाद गाठायचे. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवायचे. मराठी घरातल्या मुलाला आधी भाषा ओलांडावी लागे, मग अंतर, मग खर्च. स्वामी रामानंद तीर्थ मुक्तिलढ्यात उतरण्याआधी इथल्या योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक होते, हे गाव अभिमानाने सांगते. सांगावेच. पण गावकुसाबाहेरच्या मुलापुढे या सगळ्याच्या आधी जात उभी होती.

त्याच काळात मुंबईत विद्यापीठ म्हणजे काय, यावर बाबासाहेब भांडत होते. १८५७ चे मुंबई विद्यापीठ लंडनच्या नमुन्यावर उभे होते: महाविद्यालयांनी शिकवायचे, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी सांगितले, की उच्च शिक्षण गरजूंच्या आणि गरिबांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत काम आहे. मागासवर्गीयांना विद्यापीठाच्या कारभारातही जागा हवी, हा त्यांचा आग्रह होता. शिकणारा आणि चालवणारा वेगवेगळ्या जातींचा राहिला तर दार उघडत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

हे त्यांनी करून दाखवले औरंगाबादेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय १९५० साली तिथे सुरू झाले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले, नागसेनाशी वाद घालून हार मान्य करणाऱ्या राजाचे. वादात हरण्याचा मोठेपणा ज्या संस्थेच्या नावातच आहे, ती पाठांतरासाठी काढलेली नव्हती. खेड्यातून आलेल्या पोरांसाठी वसतिगृह होते, ग्रंथालय होते. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर उभे केले. याच परिसरातून पुढे गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' आले. सर्वांगीण शिक्षण ते हेच, आणि त्याची सुरुवात राहायला खोली आणि दोन वेळचे जेवण इथून होते.

१९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले. नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधल्या साडेपंधरा वर्षांत वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांचे जीव गेले. नावासाठी इतके मोजल्यावर कामाचा हिशेब मागायचा हक्क आपला आहे.

तो हिशेब आज असा आहे. विद्यापीठ अंबाजोगाईहून दोनशे किलोमीटरहून लांब आहे. इथल्या पोरासाठी ते परीक्षा अर्ज, हॉल तिकीट आणि निकाल एवढेच. म्हणजे १८५७ चाच नमुना. नवे धोरण तर संलग्नतेची पद्धतच पंधरा वर्षांत बंद करायला सांगते. महाविद्यालये स्वायत्त व्हावीत किंवा विद्यापीठात विलीन व्हावीत. स्वायत्तता वाईट नाही, पण पैसा कुणी घालायचा?

त्याहून धोक्याची गोष्ट दुसरी आहे. एक वर्ष शिकून बाहेर पडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका. बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आईबापांबरोबर पोरेही जातात. असा मुलगा पहिल्या वर्षानंतर परतला नाही, तर पूर्वी त्याला गळती म्हणत. गळती म्हटले की निदान सरकारला जाब विचारता येई. आता तोच मुलगा प्रमाणपत्रधारक ठरेल. गळती कागदावरून पुसली जाईल, पोरगा मात्र फडातच राहील.

खेड्यात हे जमत नाही, असे कुणी म्हणू नये. याच अंबाजोगाईत सरकारने १९७० च्या दशकात ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय काढले. तालुक्याच्या गावात डॉक्टर घडवता येतात, तर कला आणि विज्ञानाच्या पोराला वसतिगृह आणि शिक्षक का मिळू नयेत?

मित्रांनो, यंदा प्रवेश संपले की आपापल्या महाविद्यालयात अर्ज करा. पहिल्या वर्षानंतर किती विद्यार्थी बाहेर पडले, त्यांत अनुसूचित जातींचे आणि भटक्या विमुक्तांचे किती, ऊसतोड कुटुंबांतले किती आणि त्यांतले परत किती आले, हे लेखी मागा. उत्तर आले की आम्हाला कळवा.