मुक्त संगणक-प्रणालींची कुळकथा

संगणकासाठी मुक्त प्रणाली निवडायला बसलेला शिक्षक पहिल्याच पायरीवर गोंधळतो. डेबियन, उबुंटू, फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी! एकाच कामासाठी इतकी नावे कशाला? याचे उत्तर इतिहासात सापडते, आणि ते कळले की निवडही सोपी होते.

स्मृती, डिस्क, कळफलक आणि पडदा यांचा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. १९६० च्या दशकात ती बहुधा त्या त्या प्रोसेसरच्याच भाषेत लिहीत. यंत्र बदलले की लिखाण वाया जाई. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्स रचली. १९७३ मध्ये तिचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिला गेला. सी भाषेतील मजकूर कंपायलर ही आज्ञावली प्रोसेसरच्या भाषेत उतरवते. त्यामुळे नव्या यंत्रासाठी कंपायलर आणि यंत्राशी थेट बोलणारा थोडा भाग लिहिला, की बाकीची प्रणाली जवळजवळ तशीच वापरता येते.

बेलची मालक एटी अँड टी कंपनी. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे तिला संगणकाचा धंदा करता येत नव्हता. म्हणून युनिक्स सोर्स कोडसह, म्हणजे मूळ लिखाणासह, विद्यापीठांना अल्प शुल्कात मिळे. बर्कलीच्या विद्यापीठात तिच्यात भर पडत गेली आणि १९७८ पासून बीएसडी या नावाने ती वाटली जाऊ लागली.

पण १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने हे लिखाण वर्गात शिकवायला मनाई केली. शिक्षकाच्या हातून पाठ्यपुस्तकच काढून घेतले म्हणा ना! ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी मग विद्यार्थ्यांसाठी स्वतःच मिनिक्स ही छोटी प्रणाली लिहिली (१९८७). त्याआधी, १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला होता. आज्ञावली वापरणे, वाचणे, बदलणे आणि वाटणे हा प्रत्येकाचा हक्क, हे त्यामागचे तत्त्व. इंग्रजीत एकाच शब्दामुळे घोटाळा होतो. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्य.

१९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्‌स याने मिनिक्स वापरता वापरता लिनक्सचा गाभा लिहिला. तो इंटेलच्या ३८६ प्रोसेसरशी इतका जखडलेला होता, की दुसऱ्या यंत्रावर नेता येणार नाही असे त्यानेच जाहीर केले. मात्र मूळ लिखाण खुले असल्याने इतरांनी ते नेलेच. १९९५ मध्ये लिनक्स अल्फा, मिप्स, स्पार्क या प्रोसेसरांवर चालू लागली. नोव्हेंबर २०१७ च्या यादीत जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवरच चालत होते. गंमत अशी, की ३८६ चा आधार २०१२ मध्ये लिनक्समधून काढून टाकण्यात आला!

दुसरीकडे १९९२ मध्ये बीएसडीवर खटला गुदरला गेला. तो १९९४ मध्ये मिटला. दरम्यान १९९३ मध्ये तिच्या दोन शाखा झाल्या. फ्रीबीएसडीने प्रचलित पीसीवर लक्ष दिले, तर नेटबीएसडीने शक्य तितक्या प्रकारच्या यंत्रांवर चालण्याचा ध्यास घेतला. १९९५ मध्ये नेटबीएसडीतून निघालेल्या ओपनबीएसडीने सुरक्षितता हे ध्येय मानले. इतक्या नावांचे कारण हेच: मूळ लिखाण हाती असल्याने ज्याने त्याने आपापली गरज भागवली.

हा प्रश्न आज शाळेच्या दाराशी आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. अनेक धडधाकट संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ते भंगारात काढण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. प्रोसेसर ६४ बिटचा आहे की ३२ बिटचा? स्मृती किती? काम कोणते? ६४ बिटच्या पीसीवर वर्गातील कामासाठी डेबियन किंवा उबुंटू सोयीची. स्मृती कमी असेल तर हलका डेस्कटॉप घ्यावा. ३२ बिटच्या पीसीवर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन १३ बसवता येत नाही. तेथे नेटबीएसडी अजून उपयोगी पडते, पण शिकण्याची तयारी हवी.

बऱ्याच लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवरून, संगणकावर न बसवता, चालवून पाहता येतात. विद्यार्थ्यांनाच हा प्रयोग करू द्यावा. पडदा, आवाज, इंटरनेट आणि देवनागरी टंकलेखन चालते का, याची नोंद त्यांनी ठेवावी आणि मग निवड करावी.