एटीपी-संदेशवहन

कोशिकांतील (पेशींतील) ऊर्जेची देवघेव ज्याच्या द्वारे होते, ते ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट (एटीपी) हे संयुग कोशिकेबाहेर पडून इतर कोशिकांना संदेशही देते. या क्रियेस एटीपी-संदेशवहन किंवा, एटीपी हे प्यूरीन वर्गातील संयुग असल्यामुळे, प्यूरिनर्जिक संदेशवहन म्हणतात. ही कल्पना सर्वमान्य होण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला. इतके मोलाचे संयुग जिवंत कोशिका बाहेर का टाकील आणि कोणत्या वाटेने टाकील, हा त्यातील मुख्य आक्षेप होता.

प्रारंभीचे संशोधन : १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी, तसेच अमेरिकेत हार्व्हर्ड विद्यापीठात सायरस फिस्के आणि आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूंतील एटीपीचा स्वतंत्रपणे शोध लावला. त्याच वर्षी केंब्रिज येथे ॲलन ड्रुरी व आल्बेर्ट सेंट-द्यर्द्यी यांना असे आढळले की, ॲडिनिनाची संयुगे प्राण्यांच्या शरीरात टोचली असता हृदयाचे ठोके मंदावतात आणि हृदयाच्या रोहिण्या रुंदावतात. परंतु १९४१ मध्ये फ्रिट्स लिपमान यांनी ऊर्जासमृद्ध फॉस्फेट बंधाची संकल्पना मांडल्यावर एटीपीचे ऊर्जावाहक हे एकच रूप अभ्यासकांच्या मनात ठसले. १९५९ मध्ये पामेला होल्टन यांनी सशाच्या कानातील संवेदी तंत्रिका उद्दीपित केल्यावर तेथे एटीपी मुक्त होते, असे दाखविले; तथापि या निरीक्षणाकडे फारसे लक्ष गेले नाही.

बर्नस्टॉक यांचे कार्य : ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात जेफ्री बर्नस्टॉक व त्यांचे सहकारी गिनीपिगच्या आतड्यातील अरेखित स्नायूंचा अभ्यास करीत होते. ॲसिटिलकोलीन व नॉरॲड्रेनॅलीन या त्या वेळी ज्ञात असलेल्या दोन्ही तंत्रिका-प्रेषकांचे कार्य औषधांनी रोखले, तरीही तंत्रिका उद्दीपित करताच स्नायू शिथिल होत असे. यामागे तिसरा प्रेषक असला पाहिजे आणि तो एटीपी असावा, असा पुरावा त्यांनी १९७० मध्ये मांडला व १९७२ मध्ये ‘प्यूरिनर्जिक तंत्रिका’ ही संज्ञा रूढ केली. त्यावर तीव्र टीका झाली. बाहेर आढळणारे एटीपी हे केवळ इजा झालेल्या वा मृत कोशिकांतून झिरपलेले असते, असे अनेकांचे म्हणणे होते. बर्नस्टॉक यांनी १९७८ मध्ये ग्राही प्रथिनांचे पी-१ (ॲडिनोसिनास प्रतिसाद देणारी) व पी-२ (एटीपी व एडीपी यांना प्रतिसाद देणारी) असे वर्गीकरण केले. १९९३ व १९९४ मध्ये पी-२ ग्राहींच्या जनुकांचे कृंतकन झाल्यानंतर संदेश स्वीकारणाऱ्या बाजूविषयी शंका उरली नाही.

बाहेर पडण्याच्या वाटा : संदेश पाठविणाऱ्या बाजूचा प्रश्न मात्र शिल्लक होता. तंत्रिकांत एटीपी सूक्ष्म पुटिकांत साठविले जाते व पुटिका कोशिकापटलाशी एकरूप होऊन ते बाहेर टाकतात. परंतु मानवी तांबड्या कोशिकांत अशा पुटिका नसतात. तरीही ऑक्सिजन कमी पडला की त्या एटीपी मुक्त करतात, हे १९९२ मध्ये दिसून आले होते. म्हणजेच दुसरी वाट असणे आवश्यक होते.

एटीपीचा रेणू ऋण विद्युत् भारित असल्याने पटलातील मेद थर तो ओलांडू शकत नाही. मात्र कोशिकेच्या आत त्याची संहती बाहेरच्या मानाने हजारो पटींनी अधिक असते आणि आतील बाजू विद्युत् दृष्ट्याही ऋण असते. म्हणून पटलाच्या आरपार पुरेशा रुंदीची मार्गिका उघडली, तर वेगळी ऊर्जा खर्च न करता एटीपी आपोआप बाहेर वाहते. असा संदेश फार काळ टिकत नाही; कारण बाहेरील एंझाइमे एटीपीचे लवकर विघटन करतात.

अशा मार्गिकांपैकी प्रथम कनेक्सिने पुढे आली. शेजारच्या दोन कोशिकांतील कनेक्सिनांच्या अर्धमार्गिका एकमेकींस जुळून सामाईक वाट तयार होते. न जुळलेली अर्धमार्गिका मात्र बाहेरच्या द्रवात उघडू शकते. तिच्यातून एटीपी मुक्त होण्याचा संबंध १९९८ मध्ये दाखविण्यात आला. २००० मध्ये पॅनेक्सिन या प्रथिनकुलाचे नामकरण झाले. बेडकाच्या अंडकोशिकांत पॅनेक्सिन-१ तयार करून तिच्यावर ताण दिला असता मार्गिका उघडून एटीपी बाहेर पडते, असे २००४ मध्ये दिसले. २००६ मध्ये तांबड्या कोशिकांतही हेच प्रथिन आढळले. ही मार्गिका सात सारख्या घटकांची बनलेली असते, हे २०२० मध्ये तिच्या संरचनेवरून सिद्ध झाले.

२०१० मधील एका निष्कर्षाने जुन्या आक्षेपालाच वेगळा अर्थ दिला. नियोजित रीत्या मरणाऱ्या कोशिकांत एक एंझाइम पॅनेक्सिन-१ चे शेपूट तोडते. त्यामुळे मार्गिका उघडून एटीपी बाहेर पडते आणि भक्षक कोशिका त्या दिशेने येतात. मरणाऱ्या कोशिकेतून येणारे एटीपीदेखील निव्वळ गळती नसून संदेश असू शकतो, असा याचा अर्थ होय.

रुचिसंवेदनेत हे कार्य विशेष स्पष्ट दिसते. गोड, कडू व उमामी (मांसरस अथवा मोनोसोडियम ग्लुटामेट यांसारखी) चव ओळखणाऱ्या कोशिकांना तंत्रिकांशी नेहमीचे पुटिकायुक्त अनुबंध नसतात. त्या सीएएलएचएम-१ प्रथिनाच्या मार्गिकेतून एटीपी सोडतात. हे प्रथिन नसलेल्या उंदरांना या चवी नीट ओळखता येत नाहीत, असे २०१३ मध्ये आढळले.

महत्त्व : एकाच औषधाने अनेक मार्गिका बंद होत असल्यामुळे कोणत्या ऊतकात कोणती वाट प्रमुख आहे, हे ठरविण्यास जनुक काढून टाकलेले प्राणी उपयुक्त ठरतात. पी-२ ग्राहींवर परिणाम करणारी औषधे वैद्यकात वापरात आली आहेत. रक्ताची गुठळी रोखणारे क्लोपिडोग्रेल हे त्यांपैकी एक असून दीर्घकालीन खोकल्यावरील गेफापिक्सांट या औषधास जपानमध्ये २०२२ मध्ये मान्यता मिळाली. बर्नस्टॉक यांचे २०२० मध्ये मेलबर्न येथे निधन झाले. तोपर्यंत त्यांची कल्पना शरीरक्रियाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत स्थिरावली होती.