वृद्ध कुत्र्याचा विमा

ज्या वस्तूस किंमत आहे तिचाच विमा उतरवावा, असा सामान्य समज आहे. जहाज, वखारीतील माल, घर, बैल, घोडा यांचे मोल पैशांत सांगता येते. म्हणून त्यांच्या नाशाची भरपाईही पैशांत करता येते. परंतु डोळ्यांत मोतीबिंदू झालेल्या, मागच्या पायांनी लंगडणाऱ्या बारा वर्षांच्या कुत्र्याचे बाजारात मोल ते काय? मग त्याच्या विम्याचा हप्ता दरसाल भरीत राहणे हे शहाणपणाचे की भाबडेपणाचे, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य विचारील. या प्रश्नाचे उत्तर अशा विम्याच्या इतिहासात शोधणे अधिक बोधप्रद होईल.

पशुचिकित्सेचा आरंभीचा हिशेब मालकाच्या नफानुकसानीचाच होता. ख्रिस्तपूर्व अठराव्या शतकातील बाबिलोनच्या हम्मुरबी राजाच्या कायद्यात बैलावर किंवा गाढवावर शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याचे वेतन ठरवून दिलेले आहे. जनावर दगावल्यास त्याच्या किमतीचा काही अंश वैद्याने धन्यास द्यावा, असेही तेथे सांगितले आहे. त्या कलमांत कुत्र्याचे नाव नाही. पुढे १७६१ साली फ्रान्समधील ल्यों शहरी क्लोद बूर्जला याने पशुवैद्यकाची शाळा स्थापिली, तेव्हाही दृष्टीसमोर होते ते घोडे आणि साथीने मरणारी गुरे. बूर्जला हा स्वतः अश्वारोहण शिकविणाऱ्या विद्यालयाचा प्रमुख होता. उपयुक्त पशू जगवावा, हाच त्या काळचा हेतू होय.

विम्याची वाटचालही याच क्रमाने झाली. स्वीडनमध्ये १८९० साली क्लास व्हिर्गिन याने जनावरांच्या विम्याचा धंदा आरंभिला, तो घोडे व गुरे यांच्यासाठी. शेतकऱ्याचा घोडा मेला म्हणजे त्याचा नांगर थांबला. ही हानी अनेकांनी वाटून घ्यावी, एवढेच त्यामागचे तत्त्व होते. त्याच देशात १९२४ साली प्रथम एका कुत्र्याचा विमा उतरविण्यात आला. आज तेथील बहुतेक कुत्र्यांचा विमा असतो. या स्वीडिश पद्धतीत दोन अंगे दिसतात. एक जीविताचे, म्हणजे कुत्रा मेल्यास त्याची किंमत देणारे; दुसरे औषधोपचाराचा खर्च देणारे. कुत्र्याचे वय वाढते तसे पहिले अंग क्षीण होत जाते आणि दुसरे तेवढे उरते. तात्पर्य, वृद्ध कुत्र्याच्या विम्यात किमतीचा भाग गळून पडतो आणि निव्वळ शुश्रूषेचा भाग शिल्लक राहतो.

इंग्लंडात कुत्र्याचा पहिला विमा १९४७ साली निघाला. पुढल्याच वर्षी, १९४८ साली, तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू होऊन नागरिकांस रुग्णालयाचे बिल पाहण्याची सवय उरली नाही. माणसाच्या शस्त्रक्रियेस काही द्यावे लागू नये आणि कुत्र्याच्या शस्त्रक्रियेस मात्र गाठीचा पैसा मोजावा लागावा, या विसंगतीने तेथील गृहस्थास पशुवैद्याचे बिल अधिकच जड वाटले असल्यास नवल नाही. १९७६ साली पॅट्सी ब्लूम या बाईंनी एका सहकाऱ्यासह पाळीव जनावरांच्या विम्याची स्वतंत्र संस्था काढली. अमेरिकेत १९८२ साली असे पहिले विमापत्र चित्रपटांतून प्रसिद्धीस आलेल्या लॅसी या कुत्र्याच्या नावे देण्यात आले.

या विम्याने विद्येचाही लाभ झाला. स्वीडनमधील विमा-नोंदी संशोधकांनी चाळल्या, तेव्हा कोणत्या जातीचे कुत्रे लवकर मरतात, कोणत्या वयात कोणता रोग बळावतो, हे प्रथमच मोठ्या संख्येवरून कळले. त्या देशात कुत्र्यांचे निर्बीजीकरण पूर्वी क्वचितच होई. तेथील सुमारे एक चतुर्थांश माद्यांस वयाच्या दहा वर्षांच्या आत गर्भाशयात पू होण्याचा विकार जडतो, असे या नोंदींवरून दिसून आले. हा विकार वाढत्या वयात बळावतो. वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास जीव जातो. आदल्या वर्षी ज्याने हप्ता व्यर्थ म्हणून विमा सोडला, त्याच्यावर असा प्रसंग आला म्हणजे त्याची अवस्था काय होईल, हे सांगावयास नको.

विमा चालू ठेवण्यास याहून मोठे एक कारण आहे. सोडलेला विमा पुन्हा सहसा मिळत नाही. नवा विमा देताना वयाची अट असते, आणि आधीपासून जडलेले रोग बहुधा वगळले जातात. संधिवात, मधुमेह, हृदयाचे दौर्बल्य हे म्हातारपणाचे विकार एकदा नोंदले गेले, की ते ज्या विम्यात सुरू झाले तोच त्यांचा आधार. अर्थात दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. वयाबरोबर हप्ता वाढतो, आणि पुष्कळदा बिलाचा काही हिस्सा मालकावरच पडतो. काही विमे एका रोगाचा खर्च वर्षभरच देतात, काही आजन्म देतात. हा भेद न वाचता पैसे भरणाऱ्यास पुढे पश्चात्ताप होतो. ज्याच्यापाशी शिल्लक पुरेशी आहे, त्याने ती वेगळी राखून ठेवली तरी चालेल. ज्यास एकदम मोठी रक्कम काढणे अशक्य, त्याने जुना विमा सोडू नये.

महाप्रस्थानाच्या वेळी युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारातही कुत्र्यास टाकले नाही, ही कथा आपण मुलांस सांगतो. आपल्यावर येणारा प्रसंग इतका भव्य नसतो. तो येतो पशुवैद्याच्या दालनात, थरथरत उभ्या असलेल्या मुक्या जिवाच्या पाठीवर हात ठेवून. त्या वेळी उपचार करावा की वेदनांतून त्यास शांतपणे सोडवावे, हा निर्णय त्याच्या यातना पाहून व्हावा. आपला खिसा पाहून होऊ नये. विमा त्याचे आयुष्य लांबवीलच असे नाही, आणि व्यर्थ लांबवूही नये. मात्र त्या घटकेस मालकाचे मन पैशाच्या विवंचनेतून मोकळे राहते. वृद्ध कुत्र्याचा हप्ता भरणाऱ्यास त्या हप्त्याच्या मोबदल्यात मिळते ते हेच.