आधी दिलेला शब्द

१६ एप्रिल १९४७ च्या सकाळी टेक्सास सिटीच्या धक्क्याला लागलेल्या 'ग्रँडकॅम्प' या फ्रेंच जहाजाने पेट घेतला. पोटात अमोनियम नायट्रेट, म्हणजे खत. गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाने फवारे सोडले, पण पोलाद इतकं तापलेलं की पाणी पडताच त्याची वाफ होत होती. नऊ वाजून बारा मिनिटांनी स्फोट झाला आणि दलातल्या २८ पैकी २७ जण गेले. (तीनच वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाच्या स्फोटाने आपल्या ६६ अग्निशामकांचा बळी घेतला होता.) खत सरकारी देखरेखीत तयार झालेलं, म्हणून पीडितांनी अमेरिकी सरकारवर दावे लावले. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली चार विरुद्ध तीन मतांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. अखेर १९५५ मध्ये काँग्रेसने खास कायदा करून भरपाई मंजूर केली. स्फोटाच्या दिवशी दहा वर्षांचं असलेलं पोर तोवर कॉलेजात जायच्या वयाचं झालं होतं.

कर्तव्यावर मेलेल्या किंवा अपंग झालेल्या पोलीस-अग्निशामकांच्या मुलांना अमेरिकेत मिळणाऱ्या कॉलेजच्या फीमाफीकडे बहुतेक जण दया म्हणून पाहतात. मला तिचं खरं मोल ती आधीच कबूल केलेली असते यात दिसतं. वारसाला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. हा शब्द पहिल्यांदा मिळाला सैनिकांना: युद्धात अनाथ झालेल्यांच्या शिक्षणाच्या कायद्यावर आयझेनहॉवर यांनी १९५६ मध्ये सही केली. पोलीस आणि अग्निशामकांच्या वारसांना संघराज्याकडून १९७६ साली मिळाली ती ५०,००० डॉलरची एकरकमी मदत. शिक्षणाचा विषय निघाला तो रुबी रिज इथे १९९२ मध्ये मारले गेलेले डेप्युटी मार्शल विल्यम डेगन यांच्या नावाच्या १९९६ च्या कायद्यात, तोही फक्त संघराज्याच्या अधिकाऱ्यांपुरता. स्थानिक पोलीस आणि अग्निशामक त्यात आले १९९८ मध्ये, सैनिकांनंतर ४२ वर्षांनी. टेक्सासच्या स्वतःच्या कायद्यात मात्र बिनपगारी अग्निशामकाचं मूलही बसतं.

यावर आक्षेप असा, की अमेरिकेत जंगलतोडीच्या कामात मरणाचं प्रमाण पोलिसांहून जास्त आहे. मग त्या मजुराच्या मुलाने काय घोडं मारलंय? आक्षेप पोकळ नाही, आणि पगारी शहरी पोलिसापुरता तो मला बराचसा पटतो. पण अमेरिकेतले बहुसंख्य अग्निशामक स्वयंसेवक आहेत. मजूर जोखमीचा भाव निदान मजुरीत मागू शकतो. ज्याला मजुरीच नाही त्याने तो कुठे मागायचा? माफीचा भार कॉलेजांवर पडतो, ही तक्रारही खरी आहे, पण त्याचं उत्तर सरकारने ती रक्कम भरावी हे आहे. मला जास्त खुपते ती 'कर्तव्यावर' या शब्दाची व्याख्या. अमेरिकी अग्निशामक सेवेत सर्वाधिक मरतात ते हृदयविकाराने, आणि आग विझवून घरी गेल्यावर झटका आला तर तो कामामुळेच आला हे पूर्वी कुटुंबाने सिद्ध करायचं! चोवीस तासांच्या आतला असा मृत्यू कर्तव्यावरचा धरावा, हे कायद्यात आलं २००३ साली. कामाच्या आघातातून झालेल्या आत्महत्येचा विचार व्हायला २०२२ उजाडलं.