अर्धं घड्याळ, अर्धा चरक

अण्णा केंटकीला आले तेव्हा त्यांच्या बॅगेत धोतराच्या घडीत गुंडाळलेली एक पत्र्याची डबी होती. तीत दोन चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग, पाच बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि तेलाची सुई. मी म्हटलं, "अण्णा, हे कशाला आणलंत?" तर म्हणाले, "राहू दे. घरी ठेवलं तर पोरं खेळायला घेतील." घरी पोरं कुणी नव्हतीच. आम्ही भावंडं तिघं, तिघंही करमाळ्याबाहेर.

करमाळ्याच्या पेठेत अण्णांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक माणूस बसेल आणि दुसरा फळीला टेकून उभा राहील एवढी जागा. १९६२ साली सुरू केलं, १९९७ साली बंद केलं. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून माणसं यायची, मनगटावरची एचएमटी काढून फळीवर ठेवायची आणि "मामा, मागं पडतंय" म्हणून बाजार करायला निघून जायची. पुढे सेलवरची घड्याळं आली. त्यांत दुरुस्त करायला काही नसायचं. सेल बदला, चाललं तर चाललं, नाही तर फेका. अण्णा नुसते सेल बदलत दोनेक वर्षं बसले आणि मग एका दिवाळीनंतर त्यांनी फळी उचलली ती परत टाकली नाही.

मला त्यांनी त्या फळीच्या आत कधी बसू दिलं नाही. मी चिमट्याला हात लावला की म्हणायचे, "हे तुझं काम नाही. तू शाळा शीक." मी शिकलो, जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलो आणि फिरत फिरत केंटकीतल्या पॅरिस गावात राहायला आलो. हो, पॅरिसच. बर्बन परगण्याचं हे मुख्य गाव. अण्णांनी इथून पत्र टाकलं, "मी सध्या पॅरिसला आहे", तेव्हा करमाळ्यात बरीच चर्चा झाली म्हणे. प्रत्यक्षात गावाबाहेर पडलं की घोड्यांची कुरणं, रचीव दगडांची कुंपणं, तंबाखू वाळवायची काळी लाकडी कोठारं, आणि जवळजवळ प्रत्येक शेतात एक तळं.

त्या तळ्यांनी मला मासेमारी लावली. खरं तर ती लागलेली होतीच. उजनीचं पाणी पसरलं तेव्हा मी लहान होतो. बांधाला बसून तंगुसाला गळ, गळाला गांडूळ, आणि चिलापी मिळाली तर मिळाली. इथला बास मात्र वेगळा. तो आपल्या मरळीसारखा, दबा धरून बसणारा आणि तोंडाजवळून काही हललं की झडप घालणारा. त्याला गांडूळ चालतं, पण मोठा बास हवा असेल तर मोठा नकली मासा फेकावा लागतो. लाकडाचा किंवा रबराचा, पुढे जीभ असलेला, ओढला की खोल बुडी मारणारा. मी वापरायचो तो ८५ ग्रॅमचा होता. एवढं वजन दिवसातून दोनशे वेळा फेकायचं आणि दोनशे वेळा पाण्यातून ओढून आणायचं.

त्यासाठी जे रीळ लागतं त्याला इकडे बेटकास्टर म्हणतात. त्याची फिरकी काठीला आडवी बसते आणि फेकताना ती स्वतः गरगर फिरून तंगूस सोडते. फिरकीवर अंगठा टेकवून तिला आवर घालायचा असतो. अंगठा चुकला की मासा पाण्यात पडून थांबतो, फिरकी मात्र थांबत नाही, आणि मग मकरसंक्रांतीच्या मांजाचा व्हावा तसा गुंता. पहिलं वर्ष मी गुंते सोडवण्यातच घालवलं.

२००९ च्या जूनमध्ये अण्णा आले आणि पहिल्याच आठवड्यात माझं रीळ गेलं. नवं होतं. दुकानदाराने सांगितलं होतं, दहा बेअरिंग आहेत, हँडलच्या एका वेढ्याला फिरकीचे सात वेढे, वजनाला फुलासारखं. तासाभराच्या वाटेवरच्या केव्ह रन तलावावर मासा लागला, मी जोर लावला, आतून कर्र असा आवाज आला आणि हँडल रिकामं फिरायला लागलं. मासा गेला. नकली मासा पण गेला.

अण्णा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "आण इकडं."

बारा वर्षांनी डबी उघडली. भिंग डोळ्याला लावलं, आणि मी पाहिलं की त्यांचा उजवा हात कापतोय. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कोपर मांडीवर टेकवलं आणि बाजूची तबकडी काढली. आतलं मोठं दातेरी चाक ॲल्युमिनियमचं, अरुंद, आणि त्याचे चार-पाच दात सपाट झालेले. बारक्या चाकाला, ज्याला ते 'पिनियन' म्हणत तसंच इकडेही म्हणतात, काही झालं नव्हतं. मग त्यांनी रिळाची चौकट दोन्ही अंगठ्यांत धरून दाबली. ती लवली. ग्रॅफाइटची होती.

"हे बघ," म्हणाले, "अंग वाकतंय. अंग वाकलं की दात दातात पुरा बसत नाही, शेंड्यावर घासतो. दात मऊ, वरून शेंड्यावर घास. किती दिवस टिकणार?" थोड्या वेळाने म्हणाले, "बेअरिंग दहा दिल्यात आणि चाक पत्र्याचं. लग्नात बँड मोठा आणि जेवणात भाजी नाही, तसं झालं."

शेजारी एक म्हातारा शेतकरी राहायचा. तंबाखू करायचा, नंतर नुसती गाईगुरं. त्याच्याच तळ्यावर मी फेकायला शिकलो. अण्णांना इंग्रजी जेमतेम आणि त्याच्या केंटकी बोलीपुढे माझंही जेमतेमच. पण ओट्यावर उघडं रीळ आणि डोळ्याला भिंग लावलेला माणूस पाहून तो आला, बघत उभा राहिला, घरी गेला आणि रुमालात बांधून एक वस्तू घेऊन आला. त्याच्या आजोबांचं रीळ. जर्मन सिल्व्हरचं, कुठेही नक्षी नाही. तबकडीवर कोरलेलं: बी. सी. मायलम, फ्रँकफर्ट, केंटकी.

तिथून मला हा इतिहास कळत गेला, आणि माझ्याच गावाचा निघाला.

एका वेढ्यात अनेक वेढे देणारं रीळ इंग्रजांकडे अठराव्या शतकातच होतं. लंडनमध्ये विकलं जायचं. पण त्याची चाकं कच्ची, मासा मोठा लागला की दात जायचे, म्हणून तिकडे ते मागे पडलं. १८१० ते १८२० च्या दरम्यान पॅरिसमध्ये, म्हणजे ह्या आमच्या पॅरिसमध्ये, जॉर्ज स्नायडर नावाच्या कारागिराने तेच रीळ नव्याने केलं. हा स्नायडर घड्याळं दुरुस्त करायचा आणि चांदीकाम करायचा. त्याला हवं होतं ते एवढंच, की जिवंत बारका मासा गळाला लावून लांब फेकता यावा. बारक्या माशाला वजन नसतं. फिरकी हलक्या ओढीने फिरायला हवी असेल तर आसाची टोकं घड्याळासारखी घासलेली पाहिजेत. म्हणून हे काम लोहाराकडून झालं नाही, घड्याळवाल्याकडून झालं. बेटकास्टर ह्या नावातलं 'बेट', म्हणजे आमिष, ते हे.

पुढे फ्रँकफर्टच्या जोनाथन मीक ह्या घड्याळवाल्याकडे एका न्यायाधीशाने तसं रीळ मागितलं, अशी गोष्ट सांगतात. जोनाथन आणि त्याचा भाऊ बेंजामिन रिळं करायला लागले. त्यांच्या हाताखाली बेंजामिन मायलम शिकला आणि त्याने आयुष्यभर तेच केलं. वेगळा कारखाना नाही. एकाच फळीवर घड्याळ आणि रीळ. एका वेढ्याला चार वेढे, हे प्रमाण त्यांनी धरलं.

हे मी नंतर वाचून सांगतोय. त्या दुपारी अण्णांना फक्त समोरची वस्तू दिसत होती. त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, त्याने मान हलवली, आणि त्यांनी स्क्रू फिरवला. मग एकदम थांबले. "अरे, नंबर आहेत." स्क्रूवर आकडा, भोकाशेजारी तोच आकडा. प्रत्येक स्क्रू स्वतःच्या भोकासाठी केलेला, दुसरीकडे बसायचा नाही. अण्णांनी म्हाताऱ्याच्या पुढे भिंग धरलं. त्याने आयुष्यभर हे रीळ कपाटात पाहिलं होतं, आकडे कधी पाहिले नव्हते.

परत बसवताना अण्णांच्या चिमट्यातून एक स्क्रू निसटला. ओटा फळ्यांचा, फळ्यांत फटी. म्हातारा एक शब्द बोलला नाही. त्याने घरून पहार आणली, मी नको नको म्हणत असताना माझ्या ओट्याच्या दोन फळ्या उचकटल्या, आणि आम्ही दोघं खाली पोटावर पडून बॅटरीने शोधत राहिलो. अण्णा वर खुर्चीत होते, हात मांड्यांखाली दाबून. दिवस मावळताना सापडला. अण्णांनी तो मला दिला आणि म्हणाले, "तू बसव. माझे हात राहिले नाहीत." चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला.

मी बसवला. तीनदा चुकला. ते मागून सांगत होते, "आधी उलटा फिरव. टक् झालं की सुलटा." तेव्हापासून मी कुठलाही स्क्रू तसाच बसवतो.

रात्री जेवताना म्हणाले, "ते म्हाताऱ्याचं रीळ घड्याळ आहे. तुझं काम त्यानं होणार नाही." मला वाटत होतं, जुनं ते पक्कं. ते म्हणाले, "घड्याळाला जोर सोसायचा नसतो रे. तुझा तो लाकडी मासा ओढायचा म्हणजे गुऱ्हाळाचा चरक आहे. चरकाचं चाक बघितलंस? दात रुंद आणि जाड. एकदम चार ऊस जास्त घातले तरी बैल थांबतो, दात जात नाही. तुला फिरकी घड्याळाची पाहिजे आणि चाक चरकाचं."

रीळ निवडण्याबद्दल नंतर मी पुष्कळ वाचलं. ह्याहून वेगळं फारसं कुणी सांगितलेलं नाही. जड आमिषासाठी चौकट धातूची असावी, एकसंध असेल तर उत्तम. मोठं चाक पितळेचं आणि रुंद असावं. एका वेढ्याला सात-आठ वेढ्यांचा मोह टाळावा. वेग वाढतो तसा हाताला जोर जास्त लागतो आणि तो सगळा त्या दातांवर येतो. खोल बुडणाऱ्या आमिषाला पाच पुरे. बेअरिंगची संख्या शेवटी बघावी, किंवा बघूच नये.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं एका यार्ड सेलला गेलो. घरातलं सामान अंगणात मांडून विकतात, त्याला. एका खोक्यात जुनं गोल रीळ होतं. आबू अँबॅसडर, ६५००सी, स्वीडनचं. अण्णांनी ते कानाला लावलं आणि हँडल हळू फिरवलं, पेठेत गिऱ्हाइकाचं घड्याळ लावायचे तसं. बाजूचे लोक बघायला लागले. "सुकलंय. पण दात बरोबर आहेत," म्हणाले. चाळीस डॉलरला घेतलं.

आबू हे नाव कुठून आलं ते मी त्याच रात्री शोधलं. आबू म्हणजे 'आ. बे. उरफाब्रिकेन' ह्याची आद्याक्षरं. स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ घड्याळ कारखाना. १९२१ साली दक्षिण स्वीडनमधल्या स्वेंग्स्टा नावाच्या खेड्यात कार्ल ऑगस्ट बोर्गस्ट्रम ह्यांनी तो काढला. खिशातली घड्याळं केली, टॅक्सीचे मीटर केले. दुसऱ्या महायुद्धात टॅक्सीच्या मीटरला गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा रिळं करायला घेतली. गावातून नदी वाहते, तीत सामन मासा. मुलगा योटे मासेमारीतला माहीतगार. १९५२ मध्ये अँबॅसडर ५००० निघालं, लाल रंगाचं. चामड्याच्या डबीत यायचं, सोबत तेलाची नळी, पाना आणि झिजणारे सुटे भाग. अंगठा चुकला तरी फिरकी उधळू नये म्हणून तिच्या दांड्यावर लहान ठोकळे. वेग वाढला की ते बाहेर फेकले जाऊन कड्याला घासतात.

हे सगळं अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "म्हणजे घड्याळ बंद पडलं तर त्यांनी रीळ केलं?"

"हो."

"आपल्याकडं कुणी सांगितलं नाही," एवढंच म्हणाले आणि झोपायला गेले.

राहिलेले दोन महिने रोज सकाळी आम्ही ओट्यावर बसायचो. रीळ मी उघडायचो, ते बघायचे. रॉकेलमध्ये धुतलं, दाताला ग्रीस, आसाला एक थेंब तेल. "एकच. दुसरा थेंब धूळ बोलावतो." तंगूस डावी-उजवीकडे नेणाऱ्या मळसूत्रात एक नखाएवढा तुकडा असतो, तो झिजलेला होता. नवा मागवला, काही डॉलरला आला. अण्णांना त्याचं फार कौतुक. पस्तीस वर्षांच्या जुन्या वस्तूचा भाग टपालाने दारात येतो, हे त्यांनी म्हाताऱ्याला खुणांनी तीनदा सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी प्रयोगशाळेतून आलो तर ते सुई घेऊन बसले होते. हात कोपरापासून टेबलाला फडक्याने बांधून घेतला होता, बायकोकडून. रिळाच्या स्क्रूंवर आणि शेजारच्या धातूवर त्यांनी १, २, ३ कोरले होते. मराठी आकडे. ३ जरा वाकडा आलाय.

त्या रिळाने मी अजून तेच ८५ ग्रॅम फेकतो. मळसूत्रातला तुकडा दोनदा बदलला. चाकाला हात लावावा लागलेला नाही.