रोहितांच्या पाण्याखालची गावे

भिगवणला होडीतून रोहित पक्षी पाहायला जावे का, हा पुणेकरांचा हिवाळी प्रश्न इतिहास पाहूनच सोडवावा. शंभरेक किलोमीटरवरचा तो पाणवठा नैसर्गिक नव्हे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, गावे बुडाली आणि उथळ, चिखलट काठांवर पक्ष्यांना खाद्य मिळू लागले. दुष्काळात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ अजून वर येते. होड्यांनी थवे बिथरतात, हा आक्षेप खराच आहे. पण पुण्याचे सांडपाणीही मुळा-मुठेतून भीमेत, तिथून उजनीत पोहोचते. घरी बसलेला पुणेकर निर्दोष ठरत नाही. तिथल्याच काठावरच्या कुंभारगावच्या नावाड्यांची तर कमाईच पक्ष्यांवर आहे. म्हणून जरूर जावे; मात्र होडी थव्यापासून लांबच थांबवायला सांगावी.