प्रवाळ-मत्स्यालयातील प्रवाह : वेगाइतकाच विसावाही महत्त्वाचा

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात प्रवाळ आणि मासे एकत्र ठेवले, की दोघांच्या गरजा परस्परविरोधी भासू लागतात. प्रवाळाला पाण्याची जोरदार हालचाल हवी असते. तोच जोर लहान माशांना दिवसभर झुंजायला लावतो. मग तडजोड म्हणून पंपाचा वेग निम्म्यावर आणला जातो. प्रवाळ खंगू लागतो आणि माशांनाही पुरेसा निवारा मिळत नाही. सागरातील प्रवाळभित्तीवर मात्र दोघेही सुखाने नांदतात, कारण तेथे पाण्याचा वेग सर्वत्र आणि सर्वकाळ सारखा नसतो. मत्स्यालयातही हीच विविधता साधावी लागते.

प्रवाळाची गरज

प्रवाळ हा एका जागी चिकटून राहणारा प्राणी आहे. तो अन्नाकडे जाऊ शकत नाही. अन्न वाहत त्याच्यापर्यंत यावे लागते. त्याच्या पृष्ठभागालगत पाण्याचा एक अत्यंत पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. प्राणवायूची आणि टाकाऊ द्रव्यांची देवघेव याच थरातून होते. प्रवाह वाढला की हा थर आणखी पातळ होतो आणि देवघेव सुलभ होते. दिवसा प्रवाळाच्या ऊतींतील सूक्ष्म शैवाल प्रकाशसंश्लेषणातून विपुल प्राणवायू निर्माण करते. त्याचा अतिरेक वाहून जाणे आवश्यक असते. रात्री उलट प्राणवायूची टंचाई भासते. अंगावर साचणारा गाळ आणि बुळबुळीत स्रावही प्रवाहच धुऊन नेतो.

अर्थात, सर्व प्रवाळांची गरज एकसारखी नसते. ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळाला जोरदार आणि सतत दिशा बदलणारा प्रवाह मानवतो. युफिलियासारख्या मांसल प्रवाळाला मध्यम प्रवाह पुरतो. थेट झोतात त्याची ऊती सांगाड्याच्या धारदार कडांवर घासून फाटते. छत्रीसारख्या दिसणाऱ्या डिस्कोसोमाला संथ पाणी आवडते.

माशांची बाजू

ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफवरील अभ्यासांत असे दिसून आले आहे, की लाटांचा मारा बसणाऱ्या भागात लांब, निमुळते वक्षपर असलेले रास कुळातील मासे अधिक आढळतात, तर गोलसर पर असलेले मासे आडोशाच्या भागात राहतात. म्हणजे शरीररचनेनुसार प्रत्येकाने आपली जागा निवडलेली असते. मत्स्यालयातही सर्जनफिश प्रवाहात आनंदाने पोहतो. मँडरिन किंवा फायरफिश यांना मात्र शांत कोपरा लागतो. समुद्रघोड्यासारखा मंदगती जीव जोरदार प्रवाहाच्या टाकीत ठेवूच नये.

मासा सतत दगडाआड राहणे, कल्ल्यांची हालचाल जलद होणे, तोंडाजवळ आलेले अन्न हातचे निसटणे ही प्रवाह अति झाल्याची चिन्हे होत. पॉलिप कायम मिटलेले राहणे किंवा प्रवाळाची एकच बाजू सोलवटणे, हीदेखील थेट झोताची खूण असू शकते. फांद्यांमध्ये घाण साचत असेल, तर तेथे प्रवाह अपुरा आहे असे समजावे.

समतोल कसा साधावा

पाणी तासाला किती वेळा फिरते, यावरून प्रवाह मोजण्याचा प्रघात आहे. मऊ प्रवाळांसाठी १० ते २० पट आणि ॲक्रोपोरासाठी ४० पट किंवा अधिक, हा ढोबळ अंदाज होय. २०० लिटरच्या टाकीत २० पट म्हणजे तासाला ४,००० लिटर. परंतु हे पाणी एका अरुंद झोतातून सोडले तर समोरचा प्रवाळ जखमी होतो आणि मागचा उपाशी राहतो. त्याऐवजी रुंद तोंडाचे दोन पंप समोरासमोरच्या बाजूंना लावून आळीपाळीने चालवावेत. झोत काचेवर किंवा पृष्ठभागाकडे वळवला की तो फुटून पसरतो. दगडांची रचना भिंतीसारखी सलग न करता कमानी आणि फटी ठेवाव्यात. जोमदार प्रवाळ वर, नाजूक प्रवाळ खाली आणि माशांसाठी दगडांमागे निवांत जागा असावी.

खाद्य देताना प्रवाहाचे पंप १० ते १५ मिनिटे थांबवावेत. रात्री वेग कमी करावा, पण पंप बंद करू नयेत. तांबड्या समुद्रातील डॅसिलस मासे रात्री प्रवाळाच्या फांद्यांत विसावताना पर हलवत राहतात आणि त्यामुळे आतील पाण्यात प्राणवायू खेळता राहतो, असे संशोधकांना आढळले आहे. यावरून रात्रीच्या हालचालीचे मोल ध्यानात यावे. पावसाळ्यात वीज वारंवार खंडित होत असल्यास बॅटरीवरील हवापंप जवळ हवाच. प्रवाळ वाढतो तसा त्याच्याच फांद्यांनी प्रवाह अडतो. म्हणून ही मांडणी अधूनमधून तपासत राहावी आणि प्रत्येक बदल काही दिवसांत, टप्प्याटप्प्याने करावा.

कायद्याची मर्यादा

गोव्यात ग्रँड आयलंडच्या परिसरात आणि सिंधुदुर्गात मालवणच्या सागरात प्रवाळ आढळतात. मात्र भित्ती बांधणारे सर्व पाषाण-प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते समुद्रातून काढणे गुन्हा आहे. म्हणून पंपाची निवड करण्यापूर्वीच आपल्या टाकीत येणारा प्रत्येक जीव कायदेशीर मार्गाने आला आहे, याची खात्री करून घेणे हे पाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.